दोन कडा, एक रेषा

इंकस्केप या रेखाटनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘स्ट्रोक टू पाथ’ अशी एक आज्ञा आहे. कंट्रोल, ऑल्ट आणि सी या कळा एकत्र दाबल्या की निवडलेली रेषा बंदिस्त आकार होऊन बसते. पडद्यावर काहीच हललेलं दिसत नाही, पण फाइलमधली नोंद पार बदलते. आधी मधून जाणारी एक वाट आणि तिची जाडी एवढंच लिहिलेलं होतं. आता त्या जाडीच्या दोन्ही कडांवरून फिरून स्वतःला मिळणारी एक हद्द असते आणि आत भरलेला रंग. या आज्ञेची उलट आज्ञा मेनूत नाही. भरीव आकार देऊन पुन्हा एकेरी रेषा मागता येत नाही.

पीएनजी चित्रावरून ‘ट्रेस बिटमॅप’ करून मिळालेल्या आयकॉनची अडचण हीच आहे, आणि जरा जास्तच, कारण तिथली मूळ रेषा आपण कधी पाहिलेलीच नसते. ती परत कशी मिळवायची, गणिताने की हाताने, यावर कोल्हापुरातल्या एका मामा-भाचीचा ठाम मतभेद आहे. मामांचं नावाच्या पाट्या, ट्रॉफी आणि स्मृतिचिन्हं कोरून देण्याचं दुकान. त्याआधी आयटीआयमधून ड्राफ्ट्समन सिव्हिलचा कोर्स करून ते एका वास्तुविशारदाकडे ट्रेसिंग पेपरवर शाईने नकाशे काढत. भाची संगणक अभियंता. पायथनमध्ये दिवसभर काम करते आणि सुट्टीला आली की दुकानात बसते. काम आलं होतं एका दवाखान्याच्या अॅक्रिलिकच्या पाट्यांचं. प्रत्येक पाटीवर खोलीचं नाव आणि एक आयकॉन : स्टेथोस्कोप, कात्री, दात, खलबत्ता, आणि आयुर्वेद विभागासाठी पान. दवाखान्याकडे चित्रांच्या मूळ फाइली नव्हत्या, लेटरहेडवरून उचललेल्या छोट्या पीएनजी तेवढ्या होत्या.

भाची : मामा, ट्रेस तर झालंय. कडा स्वच्छ आल्यात. आता लेझरला पाठवायला अडलंय कुठं?

मामा : अडलंय ते या नळीपाशी. स्टेथोस्कोपची नळी तुला एक दिसते, मशिनला तिच्या दोन कडा दिसतात. लाइन मोडवर सोडलं तर हेड डाव्या कडेनं खाली जाणार, टोकाला वळसा घालणार आणि उजव्या कडेनं वर येणार. रस्ता दुप्पट, आणि पाटीवर उमटणार काय, तर पोकळ नळी.

भाची : मग फिल मोडवर सोडा. आतला भाग भरून निघेल.

मामा : निघेल की. पण फिलमध्ये हेड आडवं जातं-येतं, ओळीमागून ओळ. आयकॉनचा बराचसा चौकोन रिकामाच असतो, तरी हेड त्याच्यावरून फिरत राहतं. आणि मला ती जाड भरीव नळी नकोच आहे गं. एवढ्याशा पाटीवर एकेरी, सलग रेष शोभते. रेष हातात असली की लेन्स फोकसपासून जराशी हलवायची, ठिपका मोठा होतो, एका फेरीत हवी तेवढी ठसठशीत रेष मिळते. आज बारीक, उद्या जाड. भरीव आकार दिलास तर जाडी कुणी तरी आधीच ठरवून टाकलेली.

भाची : म्हणजे तुम्हाला मध्यरेषा हवी. ती काढता येते, मामा. हे काही नवीन नाही.

मामा : बटण कुठाय?

भाची : बटणही आहे. पण आधी आपल्याला आत्ता काय मिळालंय ते बघू. इंकस्केपचं नेहमीचं ट्रेस पोट्रेस नावाच्या प्रोग्रामवर चालतं. पीटर सेलिंगर या गणितज्ञांनी तो 2001 साली प्रसिद्ध केला. तो एकच गोष्ट विचारतो : काळं कुठं संपतं आणि पांढरं कुठं सुरू होतं? त्या सीमेवरून तो आधी बहुभुज बांधतो, मग बहुभुजाच्या कोपऱ्यांपाशी बेझिए वक्र बसवतो. काम अतिशय सफाईचं आहे. पण नळी, दांडा, चकती हे त्याला ठाऊक नाही. त्याच्यासाठी सगळा स्टेथोस्कोप म्हणजे एक काळा प्रदेश.

मामा : मग तेच म्हणतोय मी.

भाची : थांबा ना. प्रदेशातून रेषा काढण्याचं काम वेगळ्या माणसांनी केलंय. हॅरी ब्लम नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1967 साली एक कल्पना मांडली. समजा, आकृती म्हणजे वाळलेल्या गवताचं कुरण आहे आणि त्याच्या सगळ्या हद्दीला एकाच क्षणी आग लावली. आग सगळीकडून सारख्या वेगानं आत सरकणार. दोन बाजूंच्या ज्वाळा जिथं समोरासमोर भेटून विझतील, त्या जागा जोडल्या की मध्यरेषा. शिवाय प्रत्येक जागी आग किती वेळानं पोचली हेही कळतं, म्हणजे कडेपर्यंतचं अंतर कळतं. ते दुप्पट केलं की त्या जागची जाडी. मध्यरेषा आणि ही अंतरं, एवढ्यावरून मूळ आकृती जशीच्या तशी परत बांधता येते.

इथे मला मध्ये बोलल्याशिवाय राहवत नाही. त्याच 1967 साली व्हर्जिनियातल्या डालग्रेन इथे, अमेरिकी नौदलाच्या शस्त्र-प्रयोगशाळेत, अॅलन हर्शी यांनी संगणकासाठी अक्षरं तयार करून प्रसिद्ध केली. ती अक्षरं भरीव नव्हती. प्रत्येक अक्षर म्हणजे सरळ तुकड्यांनी जोडलेली, एका बिंदूकडून दुसऱ्याकडे जाणारी वाट. ब्लम आकृतीच्या पोटातली रेषा बाहेर काढू पाहत होते, आणि हर्शींनी ती कधी आकृतीत बुडूच दिली नव्हती. दवाखान्याच्या पाटीवरून चाललेला हा वाद या दोन वाटांचाच आहे. मशिनं बदलली, प्रश्न तसाच राहिला.

मामा : कुरणाची गोष्ट पटली. पण आपल्याकडचं चित्र ठिपक्यांचं आहे.

भाची : ठिपक्यांसाठीही पद्धत आहे. झँग आणि सुएन यांची, 1984 ची. प्रत्येक काळ्या ठिपक्याचे आठ शेजारी बघायचे. तो काढल्यानं आकृती तुटत नसेल, टोक आखूड होत नसेल, तर काढायचा. असा थर थर उतरवत एका ठिपक्याच्या जाडीची रेषा उरेपर्यंत जायचं. आणि तुमचं बटण : इंकस्केपच्या 1.0 आवृत्तीत, 2020 साली, ट्रेसच्या चौकटीतच ‘सेंटरलाइन’चा पर्याय आला. ऑटोट्रेस हा जुना प्रोग्राम आत बसवलाय. हे बघा.

मामा : (पडद्याकडे बघून) चांगलं आलंय.

भाची : बघितलंत? आणि या चित्रांच्या बाबतीत तर गणित आपल्याच बाजूनं आहे. रेषांची जाडी सगळीकडे सारखी, टोकं गोल. गोल टोकाच्या आतली मध्यरेषा त्या अर्धवर्तुळाच्या केंद्रावर थांबते, आणि गोल टोक दिलेल्या स्ट्रोकचा शेवटचा नोडही नेमका तिथंच असतो. तसूभर फरक नाही.

मामा : टोकाला नाही. पण कात्री मोठी करून दाखव.

भाची : कुठं?

मामा : जिथं दोन पाती एकमेकांवरून जातात तिथं. हे काय झालंय?

भाची : ...हो. तिथं एक छोटा तुकडा तयार झालाय.

मामा : दोन सरळ पाती होती. वरच्या डाव्या टोकाकडून निघालेलं खालच्या उजव्या मुठीकडे सरळ जायला हवं. तुझ्या रेषेत ते मध्ये येऊन थबकतं, दुसऱ्या पात्याबरोबर थोडं चालतं आणि मग फुटून बाहेर पडतं. कात्रीची अशी दोन पाती मी जन्मात पाहिली नाहीत. एका फुलीच्या जागी दोन फाटे झालेत.

भाची : तिरप्या छेदात तसं होतंच. काटकोनात छेदल्या असत्या तर चारही आतले कोपरे केंद्रापासून सारख्या अंतरावर आले असते आणि एकच बिंदू मिळाला असता. कोन तिरपा झाला की त्यातले दोन कोपरे जवळ येतात, दोन लांब जातात. जवळच्या दोघांपासून समान अंतरावर असलेले बिंदू एका ओळीत मिळतात, तोच हा तुकडा. ब्लमच्या व्याख्येप्रमाणे उत्तर बरोबर आहे.

मामा : व्याख्येप्रमाणे बरोबर असेल. कात्रीप्रमाणे चूक आहे.

या वाक्यानंतर दोघंही जरा गप्प झाली. माझ्या मते वादाचा गाभा याच ठिकाणी आहे. संगणकाने हिशेब चुकवलेला नाही. त्याला विचारलं होतं कडांपासून समान अंतरावर काय आहे, आणि त्याचं उत्तर त्याने दिलं. पण आयकॉन काढणाऱ्याने कडांचा विचार केलेला नव्हता. त्याने एक पातं ओढलं, मग दुसरं पातं त्यावरून ओढलं. ही दोन कृत्यं चित्रात एकमेकांत मिसळली, आणि ट्रेस करताना त्यांच्या वेगळेपणाची शेवटची खूणही गेली. ती परत आणायची तर कात्री म्हणजे काय हे ठाऊक असलेला कुणी तरी लागतो.

भाची : ठीक आहे, मी दुरुस्त करते. जिथं दोन फाटे एका छोट्या तुकड्यानं जोडलेले असतील आणि तुकडा रेषेच्या जाडीइतकाच आखूड असेल, तिथं तो काढून समोरासमोरच्या फांद्या दिशा जुळवून जोडायच्या. वीस ओळींचा कोड.

मामा : आणि स्टेथोस्कोपला लावलास तर? तिथं दोन दांडे खाली येऊन एका नळीत मिसळतात. तो फाटा खरा आहे. तो काढलास तर स्टेथोस्कोपचं वाटोळं.

भाची : तिथं फाटा एकच आहे, दोन नाहीत. कोडला ते कळेल.

मामा : आणि खलबत्त्यात? बत्ता खलाच्या काठावर टेकलाय. काठ आडवा, बत्ता तिरपा, आणि काठाच्या खाली बत्ता दिसतच नाही. तो काठाशी संपला की काठामागं गेला?

भाची : ...ते चित्र बघून ठरवावं लागेल.

मामा : हां. ठरवावं लागेल. मी तेवढंच म्हणतोय.

मामांचं असं ‘हां’ ऐकलं की भाची हटकून मुद्दा बदलते. पण या वेळी तिने बदललेला मुद्दा तोलामोलाचा होता.

भाची : बरं, तुमची पद्धत सांगा. तुम्ही काय करणार?

मामा : ट्रेस केलेला आकार खालच्या लेयरवर ठेवायचा, फिकट करायचा, लेयर लॉक. वर नवा लेयर. भरणं काढून टाकायचं, स्ट्रोक तेवढा ठेवायचा, टोकं गोल, सांधे गोल. बी दाबून पेन घ्यायचं. डाव्या कानापासून सुरू, दांड्याचं वळण जिथं सगळ्यात बाहेर जातं तिथं एक नोड, फाट्यापाशी एक. उजवा दांडा तसाच. मग फाट्यापासून नळी, आणि चकतीला वर्तुळाचं टूल. संपलं. चार गोष्टी, मोजके नोड.

भाची : आणि सेंटरलाइनच्या रेषेत?

मामा : तूच मोज. एका वर्तुळावर नुसता पुंजका झालाय नोडचा. एखादा आत, एखादा बाहेर. हेड त्यावरून गेलं की रेष थरथरते.

भाची : कंट्रोल-एल दाबून सिंप्लिफाय करता येतं.

मामा : दाबून बघ. थरथर जाते, पण तिच्याबरोबर दाताच्या मुळांचे कोपरेही बुळबुळीत होतात. त्याला कुठली थरथर आणि कुठला कोपरा ते कसं कळणार?

भाची : ते खरं आहे. वर्तुळाचंही खरं आहे. नीट चार वक्रांत वर्तुळ काढलं, वक्रांच्या हँडलची लांबी त्रिज्येच्या 0.5523 पट ठेवली, तर खऱ्या वर्तुळापासूनचा फरक त्रिज्येच्या 0.03 टक्क्यांच्याही आत राहतो. त्याच्यापुढं हा पुंजका म्हणजे उगाच ओझं आहे. पण मामा, माझा प्रश्न वेगळाय. तुमची रेषा मधोमध आहे हे कशावरून? तुम्ही डोळ्यानं बघून ओढली. मी निदान मोजून काढली.

मामा : तीस वर्षं रेषा ओढल्यात.

भाची : हे उत्तर झालं नाही, मामा.

ती बरोबर होती, आणि मामांनाही ते कळलं. कसबी माणसाचा हात भरवशाचा असतो. पण हात भरवशाचा आहे एवढं म्हणून भागत नाही, दुसऱ्याला तपासता येईल असं काही तरी लागतं. मामांच्या जुन्या कार्यालयात नकाशा तपासणारा वेगळा असे. तो रेषा ओढत नसे, पण पट्टी लावल्याशिवाय सही करत नसे.

भाची : अशी तपासणी करू. तुमच्या रेषेची एक प्रत काढायची. तिला मूळ चित्राइतकी जाडी द्यायची. ती जाडी माझ्या मध्यरेषेच्या अंतरांवरून मिळते, अंदाज नको. मग त्या प्रतीला ‘स्ट्रोक टू पाथ’ करायचं.

मामा : अगं, तेच नको होतं ना आपल्याला!

भाची : प्रतीला, मामा. मूळ रेषा तशीच राहते. मग ती भरीव प्रत आणि ट्रेस केलेला आकार, दोन्ही निवडून ‘एक्सक्लूजन’. दोघांत सामायिक असलेलं सगळं गळून पडतं, फरक तेवढा उरतो. तुमची रेषा मधोमध असेल तर काही उरणार नाही. सरकली असेल तर एका बाजूला आणि समोरच्या बाजूला बारीक चिरी दिसतील.

मामा : कर बघू.

चिरी दिसल्या. डाव्या दांड्याच्या वळणावर मामांचा एक नोड बाहेरच्या बाजूला सरकला होता, आणि तिथे केसासारखी काळी पट्टी उरली. मामांनी तो नोड आत घेतला, पुन्हा तपासलं, पट्टी गेली. फाट्यापाशी मात्र दोन छोटे त्रिकोण उरलेच. कितीही सरकवलं तरी हटेनात. भाचीने ते मोठे करून पाहिले. मूळ आरेखकाने तिथे काखेत थोडा भराव दिला होता, कारण जाड रेषा टोकदार कोनात भेटल्या की छोट्या आकारात ती जागा टोचते. एकेरी रेषेत असा भराव येऊच शकत नाही. मामा म्हणाले, “एकेरी रेषेत ती जागा टोचतही नाही. सोड.” भाचीने सोडलं. मला हा क्षण फार मोलाचा वाटला. काय उरलंय ते हिशेबाने दाखवलं, आणि उरलेल्यातलं काय सोडायचं ते माणसाने ठरवलं.

मामा : पण मूळ माणसानं रेषेतच काढलं असणार ना? मग त्याची रेष गेली कुठं?

भाची : बाहेर पाठवताना गेली. आयकॉनचा फाँट करायचा असेल तर ती ठेवताच येत नाही. ट्रूटाइप फाँटमध्ये अक्षर म्हणजे बंद, भरलेला आकार. उघड्या रेषेला तिथं जागाच नाही. शिवाय चित्र लहानमोठं करताना जाडीचं गणित चुकू नये म्हणूनही बरेच जण शेवटी सगळं भरीव करून देतात. एसव्हीजी फाइलीत मात्र रेषा रेषा म्हणून ठेवता येते. कोल बेमिस यांचा फेदर नावाचा आयकॉनसंच बघा. 24 बाय 24 ची चौकट, जाडी 2, टोकं गोल, भरणं शून्य. सगळी चित्रं रेषांतच. कात्री आहे त्यात, आणि परवाना मोकळा आहे.

मामा : मग तीच घेऊ.

भाची : लेटरहेडवरच्या कात्रीची मूठ वेगळी आहे. दवाखान्यानं तीच मागितलीय.

मामा : तर मग ज्यानं ही काढली त्यानं रेषांची फाइल दवाखान्याला द्यायला हवी होती. भरीव केलेली वापरायला, रेषांची जपायला. आम्ही नकाशाची छापील प्रत कंत्राटदाराला द्यायचो, ट्रेसिंगचा मूळ कागद कपाटात राहायचा. मूळ कागद गेला की पुढची दुरुस्ती करणाऱ्याचे हाल.

मामांची ही तक्रार मला पूर्णपणे मान्य आहे. चिन्हं, बोधचिन्हं, पाट्यांची चित्रं करून देणाऱ्या प्रत्येकाने ग्राहकाला दोन्ही फाइली द्याव्यात, आणि ग्राहकानेही त्या मागून घ्याव्यात. त्यासाठी लागणारी जागा काही किलोबाइटची असते. रेषांची फाइल नसली तर नंतर कुणा तिसऱ्याला पिक्सेलांच्या काठावरून तर्क करत बसावं लागतं.

भाचीने त्यानंतर आपल्या बाजूने एक गोष्ट सांगितली, आणि ती न्याय्य होती. जुन्या छापील नकाशावरच्या समोच्च रेषा, शेकड्यांनी, एकमेकींना न छेदता डोंगराभोवती फिरणाऱ्या; त्या हाताने पुन्हा ओढायला कुणाचंही आयुष्य पुरणार नाही. तिथे थर उतरवून काढलेली मध्यरेषाच हवी, आणि तिथे ती चांगली चालते, कारण त्या रेषा एकमेकींना भेटत नाहीत. मामांनी वाद न घालता मान डोलावली. हाताने काढायचा हट्ट त्यांनी धरला होता तो मोजक्या रेषांच्या चित्रासाठी, जिथे प्रत्येक रेषेला काही ना काही अर्थ आहे.

पानाचं काय करायचं यावर दोघांत एका मिनिटात एकमत झालं. देठापासून टोकापर्यंत जाडी सतत बदलणारं ते पान रेषेने काढलेलंच नव्हतं. मध्यरेषेची अंतरं देठाशी शून्याजवळ, मध्ये भरपूर, टोकाशी पुन्हा शून्याजवळ. ते भरीवच कोरायचं ठरलं.

मग दोघं मजकुराकडे वळली, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा हा भाग जास्त अवघड निघाला.

मामा : आता ‘दंतवैद्य’. फाँट भरीव, म्हणजे पुन्हा दोन कडा. तुझी सेंटरलाइन लाव.

भाची : लावली. आणि मामा, तुम्ही काही म्हणायच्या आत मीच म्हणते. शिरोरेषा वाकडी झालीय.

मामा : लाटा आल्यात.

भाची : जिथं जिथं खालून दांडा येऊन भिडतो तिथं मध्यरेषा खाली ओढली जाते. किती, ते काढू. शिरोरेषा आणि दांडा सारख्या जाडीचे धरू. सांध्याच्या बिंदूचं वरच्या कडेपासूनचं अंतर आणि खालच्या दोन आतल्या कोपऱ्यांपासूनचं अंतर सारखं हवं. पायथागोरस लावला की (कागदावर लिहीत) खालच्या कडेपासून जाडीचा तीन अष्टमांश. हवा होता अर्धा, म्हणजे चार अष्टमांश. एक अष्टमांश झोल. शिरोरेषा 8 मिलिमीटर जाड असेल तर प्रत्येक दांड्याशी 1 मिलिमीटर.

मामा : आणि आपल्या लिपीत दांडा कुठं नाही? व, त, द्य, सगळ्यांना.

भाची : रोमनमध्ये हे कमी जाणवतं. आपल्याकडे शब्दभर एकच सरळ रेषा असल्यामुळं झोल लगेच डोळ्यात भरतो.

मामा : शिवाय फाँटातली जाड-बारीक रेष बोरूची आहे. बोरूचं टोक तिरपं, म्हणून एका दिशेला जाड, दुसऱ्या दिशेला बारीक. त्याच्या मधून रेघ काढली की बोरूही गेला आणि हाताची ओढही गेली. शाळेत गुरुजी अक्षर गिरवून घ्यायचे तेव्हा कुठून सुरू करायचं, कुठं वळायचं, हे ठरलेलं असायचं. ते या आकारात लिहिलेलंच नाही.

भाची : म्हणजे क्रमही लागतो.

मामा : लागतोच. मोडी लिहिणारा आधी ओळभर शिरोरेषा ओढून घ्यायचा आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जायचा. आपण बाळबोधात अक्षरं आधी लिहितो, रेघ मागून देतो. कागदावर शाई वाळल्यावर रेष आधीची की नंतरची, सांग बघू?

भाची : नाही सांगता येणार. पण मशिनला तो क्रम द्यावा तर लागतोच, नाही तर हेड उगाच इकडून तिकडे उड्या मारत बसेल. (जरा थांबून) मामा, इंकस्केपमध्ये ‘हर्शी टेक्स्ट’ नावाचं एक्स्टेंशन आहे. एकेरी रेषेत मजकूर लिहून देतं. हर्शींच्या मूळ संचात रोमन, ग्रीक, रशियन, जपानी अक्षरं होती, देवनागरी नव्हती. पण ते एक्स्टेंशन एसव्हीजी फाँटवर चालतं, आणि एसव्हीजी फाँटमध्ये अक्षर उघड्या रेषेत ठेवता येतं. बाहेरची फाइलही घेतं ते.

मामा : म्हणजे आपण अक्षरं ओढायची आणि त्यात घालायची?

भाची : तुम्ही ओढायची. पहिला नोड जिथं लेखणी टेकते तिथं, शेवटचा जिथं उचलते तिथं. शिरोरेषा अक्षरात घालायचीच नाही. शब्दाची रुंदी मोजून मी शेवटी एकच सरळ रेघ टाकते. झोलाचा प्रश्नच मिटला.

मामा : आणि जिथं शिरोरेषा तुटते तिथं? ‘ध’ला, ‘भ’ला?

भाची : त्या अक्षरांना खूण करून ठेवू, तिथं रेघ तोडायची.

मामा : वेलांटीचं काय? ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येते, लिहिताना बरेच जण नंतर देतात.

भाची : तुम्ही कशी देता?

मामा : मी दांडा आधी, मग अक्षर, मग वरची कमान.

भाची : मग तशीच. दोन भागांत ठेवू. अवघड आहेत ती जोडाक्षरं. हे एक्स्टेंशन अक्षरामागं अक्षर ठेवत जातं, मोठ्या फाँटसारखी जोडणी त्याला येत नाही. प्रत्येक जोडाक्षर वेगळं ओढून त्याला स्वतंत्र जागा द्यावी लागेल, आणि मजकूर आला की कुठलं वापरायचं ते माझा कोड ठरवेल. सगळी ओढायची म्हटली तर शेकड्यांनी होतील.

मामा : सगळी कशाला? दवाखान्याच्या पाटीला काय काय लागतं? दंतवैद्यातला ‘द्य’. अस्थिरोगातला ‘स्थ’. स्त्रीरोगातला ‘स्त्र’. डॉक्टरातला ‘क्ट’. नेत्रतज्ज्ञ म्हटलं की ‘ज्ज्ञ’ आला, तो जड जाईल.

भाची : ‘ज्ज्ञ’ शेवटी ठेवू. आयुर्वेदाचा रफारही राहिला.

मामा : रफार शिरोरेषेच्या वर, म्हणजे तुझी रेघ पडल्यानंतर. त्याला क्रमात सगळ्यात मागं टाक. पेन घे, ‘द्य’पासून सुरू करू.